ऐरणीपुढचा पडदा

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी बरोबर नऊ वाजता, दाऊदमिस्त्रींनी मला न विचारता माझ्या मोटारीच्या ब्रेकचे पेडल कापले. त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात पहिल्या परिचयापासून करावी, अशी गौरवसमितीची सूचना आहे. आमचा पहिला परिचय तो हाच.

पुण्यातल्या मुलींच्या शाळेतून निवृत्त होऊन मी तेव्हा नुकतीच जुन्नरला राहायला आले होते. विलायतेला परत निघालेल्या एका धिप्पाड साहेबाची मोटार मी विकत घेतली होती आणि तिच्यावर टांग्याच्या सुताराकडून सागवानी पेटी बसवून घेतली होती. दर रविवारी निरगुडसरला जाऊन मुलींचा वर्ग घ्यायचा, त्यासाठी ही खटपट. मडगार्ड फार खडखडत होते, म्हणून मी मोटार गड्याबरोबर मिस्त्रींच्या शेडवर पाठवली. सकाळी आणायला गेले, तर मडगार्ड जसेच्या तसे आणि पेडल ऐरणीवर दोन तुकड्यांत!

दुसऱ्याच्या वस्तूला परवानगीवाचून हात लावू नये, हे मला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी पट्टीच्या साहाय्याने शिकवले होते. ते सगळे मी मिस्त्रींना ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, असे लिहिले तर जुन्नर हसेल. ते माझ्याहून मोठ्या आवाजात म्हणाले, "बाई, काल वेशीत पायलं मी तुमाला! ब्रेक मारताना तुमी शिटावरनं निम्म्या खाली घसरल्या व्हत्या. गाडी थांबली, पर तुमी थांबल्या न्हाई. त्या सायबाचे पाय ताडाएवढे. तुमी काय आता उंच व्हणार हाय का?"

माझ्या उंचीविषयी इतके स्पष्ट आजवर कोणी बोलले नव्हते. ही नोंद समितीने ठळक अक्षरांत छापावी.

मिस्त्रींनी मला मोटारीत बसवले, माझा पाय जिथे सहज पोहोचतो तिथे खडूने खूण केली आणि पेडलला नवा तुकडा जोडून ते तिथवर आणले. त्या मोटारीत वेग वाढवायची पेट्रोलची मूठ सुकाणूच्या चक्राजवळ हाताशी असे. उजव्या पायाला ब्रेकखेरीज दुसरे काम नव्हते. "आता डोळं मिटून चालवा," मिस्त्री म्हणाले. "अशी कारागिरी पुण्यात बी न्हाई." विनय हा त्यांचा गुण नाही. गौरवग्रंथ झाला तरी खोटे कशाला लिहू?

रविवारी आपली कारागिरी बघायला ते स्वतः मागच्या बैठकीवर बसून निघाले. मंचरच्या अलीकडेच करपल्याचा वास सुटला. "कुणीतरी पाचट जाळतंय," मिस्त्री म्हणाले. निरगुडसरच्या शिवेवर तर मोटार चालेचना. एक शेतकरी बांधावरून ओरडला, "काय राव, दमली का गाडी? बैल जुंपू का?"

मिस्त्री खाली उतरले, चाकाजवळ वाकले आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "बूट!"

उलगडा असा. मिस्त्रींच्या शेडमध्ये वडिलांपासूनची ऐरण आहे आणि तिच्यासमोर कोणी पायताण घालून जात नाही. इतरांसारखे मीही बूट दाराशीच काढले होते. मिस्त्रींनी माप घेतले ते अनवाणी पायाचे. बूट घातल्यावर जाड तळ पेडलवर सारखा टेकत राहिला आणि ब्रेक जुन्नरपासून निरगुडसरपर्यंत चाकाला घासत आला.

दुसरा कोणी असता तर रस्त्याला नावे ठेवून मोकळा झाला असता. मिस्त्री रस्त्यातच पोट धरून हसले. "लई मोठा कारागीर मी! पायाचं माप घेतलं आन् बूट ईसरलो!" ही फजिती त्यांनी ओतूरच्या बाजारात इतक्या वेळा स्वतःच सांगितली आहे, की शेजारच्या डिंगोरे गावची माणसे आजही मला "बूटवाल्या बाई" म्हणतात. त्याबद्दलचा माझा राग कायम आहे.

पण त्याच आठवड्यात मिस्त्रींनी ऐरणीपुढे जाड पडदा लावला, गिऱ्हाइकांना पायताणासह आत घेता यावे म्हणून. म्हाताऱ्या मंडळींनी नाके मुरडली. "ऐरण माजी अब्रू हाय," मिस्त्री त्यांना म्हणाले, "पर ब्रेक बाईंचा जीव हाय. अब्रू पडद्याआड बी ऱ्हाती." मग त्यांनी माझा बूट घातलेला पाय मापला, पेडल थोडे दूर सारले आणि ब्रेक धरण्याआधी त्याला थोडी मोकळी चाल ठेवली. "पाय टेकला म्हून गाडीनं ऐकायचं न्हाई. दाबला, तरच ऐकायचं." वर्गातल्या मुलींच्या बाबतीत मीही पुढे हेच धोरण ठेवले आणि ते लाभले.

अलीकडे माझा गुडघा आखडत चालला आहे. दर पाडव्यानंतर मिस्त्री मला आत बसवतात, पाय बघतात आणि पेडल थोडे माझ्याकडे आणतात. "गुडघा म्हातारा झाला बाई, तुमी न्हाई," असे वर सांगतात. ते खोटे आहे, मला आवडते.

आणि आता, साठी झाली म्हणून सत्काराच्या दिवशी हातोडा खाली ठेवणार, असे त्यांनी समितीपुढे जाहीर केले आहे! माझा भाचा खूश आहे, मावशी आता घरी बसेल म्हणून. पुण्याचे कारागीर ही मोटार भंगारात काढा म्हणतात. निरगुडसरच्या मुली मात्र रविवारी चिंचेखाली वाट बघत असतात. त्यांना काय सांगू, मिस्त्रींची साठी झाली म्हणून तुमचे शिक्षण संपले?

दाऊदमिस्त्रींना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य मिळो. त्यांचे डोळे, मनगट आणि आवाज असेच खणखणीत राहोत. माझी इच्छा एवढीच, की त्यांतली पुढची काही वर्षे पडदा तिथेच टांगलेला राहावा आणि ऐरण त्यामागे वाजत राहावी. हातोडा ठेवणार की नाही, याचे उत्तर त्यांनी ओतूरच्या पुढच्या बाजाराआधी मला द्यावे. मराठीत, मोडीत, उर्दूत, कसेही, पण लेखी. तोंडी बोलण्यात त्यांच्यापुढे माझा निभाव लागत नाही.