टाकी ढवळली त्या दिवशी

ग्रामविकासाला सर्वांत आधी संयम लागतो. आमच्या गावात तो फक्त एका सिमेंटच्या टाकीपाशी पाहायला मिळतो. साबुदाणा ज्याचा करतात तो साबुकंद किसून, धुऊन, फडक्यातून गाळलेलं दुधाळ पाणी त्या टाकीत आठ तास न हलवता ठेवायचं. मग पांढरी खळ, म्हणजे स्टार्च, तळाशी बसते. बचत गटाच्या सुमनताई टाकीजवळून जातानाही पाऊल हळू टाकतात.

काल त्यांची पहिली मोठी ऑर्डर होती. पापडवाला संध्याकाळी खळ न्यायला येणार होता. दुपारी गटाच्या या उद्योगाच्या उद्घाटनाला तालुक्याचे साहेब आले. वर आलेलं नितळ पाणी पाहून म्हणाले, "इथं तर काहीच चाललेलं दिसत नाही." आणि फोटोसाठी दांडा घेऊन त्यांनी टाकी तळापासून ढवळली. पाणी पुन्हा दुधासारखं झालं. टाळ्या पडल्या.

"साहेब, आता भाषण आठ तासांचं करा," सुमनताई म्हणाल्या. "तेवढ्यात खळ परत बसेल."

साहेबांना ते कौतुकच वाटलं.

गुपचूप होणारं काम आपल्याला काम वाटतच नाही. कुणीतरी घुसळल्याशिवाय प्रगती डोळ्यांत भरत नाही.

भाषण पाऊण तास चाललं. संध्याकाळी पापडवाला रिकामा टेम्पो घेऊन परत गेला.