मारबत पुस्तकात येईल का

पांढुर्ण्याच्या उत्तमची शाळा सुटली ते गौतमपायी. नववीत सावरगावच्या गौतमनं फळ्यावर मास्तरचंच चित्र काढलं. मास्तरनं त्याले वर्गाबाहेर हाकललं, तं उत्तमही दप्तर उचलून त्याच्या मांगं निघाला. दुसऱ्या दिवशी गौतमची माय अंबाबाई शाळेत जाऊन हात जोडून आली, अन् गौतम परत वर्गात बसला. उत्तमसाठी हात जोडाले कोनी गेलं नाही, अन् त्यानंही कोनाले जाऊ देलं नाही. म्हणे, एकदा निघालो तं निघालो.

आता तो रोज बस पकडून सौसरले जाते, मोटर रिवायंडिंगच्या दुकानात. संत्र्याच्या बगीच्यातले जळलेले पंप येतात, हा जुनी तार काढते, नवी भरते. हात एका जागी राहत नाहीत, तोंड तं अजिबात नाही. दोस्ताबद्दल कोनी वाकडं बोललं की हा उभा.

रविवारी मात्र तो नदी ओलांडून गौतमच्या घरी जाय. तिथं हे दोघं अन् गौतमची मामेबहीण पूनम, असे तिघं मिळून गोष्टीचा खेळ खेळत. गौतम गोष्ट सांगे, बाकीचे दोघं त्यातले शिपाई, वैद्य, चोर होत, अन् वार लागला का हुकला ते वीस बाजूचा फासा ठरवे. अंबाबाई शेंगा सोलत बाजूले बसे अन् मधातच विचारे, त्या राक्षसानं तुमचं काय बिघडवलं, कायले मारून राहिले त्याले.

यंदा बंगळुरूच्या काही पोरांनी या खेळासाठी नवं पुस्तक जाहीर केलं. नुसत्या राक्षसांचं अन् भुतांचं, गावोगावच्या. फोनवरच्या ग्रुपात ते दर आठवड्याले एक काळी सावली टाकत, अन् लोक अंदाज लावत बसत. उत्तमले तं धंदाच भेटला. लांब केसांची सावली दिसली की तो म्हणे हाडळ. पूनम म्हणे, हाडळीचे पाय उलटे असतात, हिचे सरळ दिसून राहिले, ही जखीण. पिंपळाची सावली आली तं मुंजा पक्का झाला, पन मुंजाची शेंडी कुठं गेली यावर दोघं दोन रविवार भांडले. खवीस येणारच, असं उत्तम छातीवर हात ठेवून सांगे. चकव्याले मात्र घेणार नाहीत. तो रस्ता भुलवते, त्याले रूपच नाही, चित्र काय काढतील कप्पाळ. दुकानात पंप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकालेही हा विचारे, काका, तुमच्या बोरगावच्या शिवारात काय निघते?

पुस्तकवाल्यांनी लोकांकडूनही भुतं मागितली होती. गौतमनं मारबत पाठवली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आदल्या दिवशी दारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलाच्या, शिवेबाहेर फेकाच्या, खोकला-ताप घेऊन जा गे मारबत म्हणाचं अन् मांगं वळून पाहाचं नाही, एवढं तिकडं साऱ्याले माहीत. पन अंबाबाई त्याच्या पुढचं सांगे. एवढ्या गावाचं दुखणं घेऊन ते बाई जाते कुठं? शिवेपलीकडं बसते, गाठोडं सोडते, अन् कोनाचा खोकला, कोनाचा ताप, सारं निवडत राहते. गौतमनं तिले तशीच काढली, मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली. खेळात तिच्यावर फासा चालत नाही. त्या गाठोड्यातलं आपलं दुखणं ओळखून परत घेतलं, तरच ते वाट देते.

पुस्तकवाल्यांले आवडली. त्यांनी कळवलं, मारबत घेऊन राहिलो, चित्राखाली सांगणारीचं नावही छापू: अंबाबाई, सावरगाव. अट एकच. पुस्तक येईस्तोवर चित्र कुठं फुटलं नाही पाहिजे, फुटलं तं तिच्या जागी दुसरं जाईल.

अंबाबाईचं नाव लग्नाच्या पत्रिकेत एकदा छापून आलं होतं, ते सासरी आल्यावर बदललं. या नावानं ते कधी छापली गेलीच नव्हती. गौतमनं ही गोष्ट मायले सांगितली, अन् एका उत्तमले. पूनमलेही नाही.

उत्तमनं ते पोटात ठेवलं खरं. पन पोळ्याच्या आधी नवी सावली आली, सारे तुटून पडले, अन् त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं एवढंच लिहिलं की एक आमच्या पांढुर्ण्याकडचीबी येऊन राहिली, पाहत राहा.

इंदूरच्या प्रतीक नावाच्या पोरानं लगेच लिहिलं, "पांढुर्ण्याची? मग दगडच असेल. तुमच्याकडं दुसरं आहे काय?" खाली हसणाऱ्यांची रांग लागली.

आता तिथल्या मानसाले असं बोलू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार होते, पांढुर्णा अन् सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. आत्या त्या काठाले, भाचा या काठाले, अन् हाताले लहानपणापासून एकच वळण: समोरून आला तं परत गेला पाहिजे. पहिले हात, मग डोकं. उत्तमच्या फोनात गौतमनं पाठवलेलं मारबतीचं चित्र होतं. त्यानं ते ग्रुपात टाकलं अन् खाली लिहिलं, "हे पाह्य दगड. माह्या दोस्तानं काढलं, त्याच्या मायनं सांगितलं, अन् पुस्तकात छापून येऊन राहिलं."

हसणाऱ्यांनी टाळ्या टाकल्या. प्रतीकनं तं माफी मागितली, वरून चित्राची तारीफही केली. उत्तम दिवसभर शीळ घालत तार भरत होता.

सांजच्याले गौतमचा फोन आला.

"तू टाकलं का बे?"

"हो. तो प्रतीक काय बोलला पाह्यलं नं तू?"

"पुस्तकातून काढलं त्यांनी मारबतीले."

गौतम शिव्या देईल म्हणून उत्तम थांबला. देल्या असत्या तं बरं झालं असतं. गौतमनं फक्त विचारलं, ठेवू का फोन.

उत्तमनं पुस्तकवाल्यांले लिहिलं की मले ग्रुपातून काढा, पाहिजे तं खेळातून काढा, पन बाईचं नाव राहू द्या. त्यांनी चांगल्या शब्दात कळवलं की त्या जागी दुसरं गेलं, पानं छापाले गेली. प्रतीकले दोन हानून यावं म्हणून उत्तम एकदा इंदूरच्या गाडीची चौकशीही करून आला. पन त्यानं तं माफी मागितली होती. मग हानाचं कोनाले?

पुस्तक आलं तेव्हा संत्र्याचा तोडा चालू होता. रविवारी पूनमनंच ते उघडलं. खवीस होता. हाडळ होती, उलट्या पायाची. चकवाही होता: पानभर धुकं अन् त्यात एक पायवाट. उत्तमचा अंदाज साफ चुकला होता, पन कोनी त्याले चिडवलं नाही.

अंबाबाई हात पुसत आली, बाजूले बसली. गौतम पुस्तकाकडं पाहत म्हणाला की त्यांले पानं कमी पडली म्हणे, काही भुतं राहून गेली. उत्तमचं तोंड उघडलं. गौतमनं त्याच्याकडं पाहून नुसती मान हलवली, नाही म्हणून. उत्तमनं तोंड मिटलं. दोस्तानं सांगितलेलं त्यानं एकदाच मोडलं होतं, नको तेव्हा, अन् आज मोडाले पाहिजे होतं.

अंबाबाईनं तरी शेवटच्या पानापर्यंत सारी चित्रं पाह्यली. मग पुस्तक मिटून म्हणाली, "उत्तम, तुले यातलं सारं समजते. दुसरा भाग निघंल त्यात येईल का रे मारबत?"

"येईल, माय."

"पक्कं सांगून राहिला का अंदाजानं?"

गौतम फासे गोळा करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"अंदाजानं," उत्तम म्हणाला.

"पक्कं तं त्यांनीही सांगितलं होतं. अंदाज आहे नं, मग येईल," अंबाबाई म्हणाली, अन् चहा ठेवाले उठली.