बत्तीस जीबी आणि आण्णांचा फोटो

"ताई, आठ घेताय, सोळा की बत्तीस?" नगरच्या दुकानदाराने दुसऱ्यांदा विचारलं. काउंटरवर तीन लॅपटॉप उघडे होते. शेजारच्या स्टुलावर आण्णा, म्हणजे माझे वडील, मांडीवर दवाखान्याची फाईल घेऊन बसले होते. महिन्याभरापूर्वी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते. तपासणी उरकून आम्ही सरळ इथे आलो होतो.

"फ्लेक्सच्या कामाला सोळा बास झाली," दुकानदार म्हणाला. "बत्तीस व्हिडिओवाले नेतात. पण एक सांगतो, ह्या मॉडेलात रॅम नंतर वाढवता येत नाही. आजच काय ते ठरवा."

मी मुळातच भित्री. पाल दिसली तरी खोली सोडून बाहेर पडते. पण त्या दिवशी मला भीती वाटत होती ती घरी पडलेल्या जुन्या लॅपटॉपची. हाही तसाच निघाला तर?

मी मिरजगावात घरी बसून फ्लेक्स डिझाईन करते. वाढदिवस, निवड, निरोप, श्रद्धांजली. आमच्याकडे फ्लेक्सवर एकटा माणूस कधी येत नाही. वर त्याचा मोठा गोल फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग, तीस-चाळीस चेहरे. एखादा राहिला तर तो वर्षभर तोंड फिरवून जातो. हे सगळे चेहरे आठ जीबीच्या लॅपटॉपवर हलवायचे म्हणजे शिक्षाच. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. कपाट कितीही मोठं असो, ओटा लहान असला की परात ठेवायला आधी पातेलं उचलावं लागतं. माझ्या ओट्यावर एका वेळी एकच फाईल मावायची. दुसरी उघडली की पडदा पांढरा.

म्हणून मी एक युक्ती काढली होती. सगळ्या गावाची एकच फाईल. सगळे चेहरे, सगळे हार, 'हार्दिक शुभेच्छा' आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' एकाच ठिकाणी. लागेल ते दाखवायचं, नको ते लपवायचं. या युक्तीचा मला गर्वही होता. आण्णा त्यात खालच्या रांगेत डावीकडून तिसरे, फेटा बांधलेले. ते एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे अर्धा तालुका ओळखायचा आणि प्रत्येक फ्लेक्सवर ते असायचेच.

आण्णा अतिदक्षता विभागात होते तेव्हाची गोष्ट. दवाखान्यात एकालाच थांबू देत होते, म्हणून आई तिकडे आणि मी घरी. त्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींच्या दशक्रियेचा फ्लेक्स द्यायचा होता. त्यांचा मुलगा दोनदा येऊन गेला होता. दुपारी कामाला बसले. गुरुजींचा फोटो गोलात बसवायला क्लिक केलं, काहीच झालं नाही. पुन्हा केलं. पडदा पांढरा पडला. मी चिडून आणखी चारदा क्लिक केलं, वरून सेव्हही दाबलं. लॅपटॉप बराच वेळ घरघरला आणि फाईल तयार झाल्याचं एकदाचं दिसलं. ती उघडून बघायची तर आणखी पंधरा मिनिटं गेली असती. माझं सगळं लक्ष आईच्या फोनकडे. न बघताच ती कर्जतच्या छपाईवाल्याला पाठवून दिली. लॅपटॉपला दोष देणं सोपं आहे, पण बघितलं नाही ते मीच.

तासाभराने छपाईवाल्याचा फोन आला. आण्णा कितीदा तरी पेनड्राईव्ह घेऊन स्कूटरवर त्याच्याकडे गेले होते, तो त्यांना चांगला ओळखायचा. त्याचा आवाज खाली गेलेला.

"ताई, आण्णा गेले? आवो, आमाला कळवलं बी न्हाई तुमी."

तो पुढे काय बोलला ते मी ऐकलंच नाही, फोन कापला. मनात एकच आलं, आण्णा गेले, कर्जतपर्यंत कळलं आणि मला कुणी सांगितलं नाही. आईला फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला, बंद. दवाखान्याचा नंबर कुणी उचलेना. मी उंबऱ्यात बसले होते. समोरच्या शेजारणीने हसून हात केला, तर मला वाटलं हिलाही माहीत आहे. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. रडूही येत नव्हतं.

मग मोबाईलवर एक फोटो आला. मशीनवरून उतरलेला दहा बाय आठचा फ्लेक्स. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधल्या गोलात हार घातलेले आण्णा, फेट्यासकट, आणि खाली बारीक अक्षरात गुरुजींचं नाव. सोबत छपाईवाल्याचा निरोप: गडबडीत नाव चुकलंय, नवीन पाठवा. माझ्या रागारागाच्या क्लिकांपैकी एक खालच्या रांगेत लागलं होतं आणि गुरुजींऐवजी आण्णा गोलात जाऊन बसले होते.

संध्याकाळी आईचा फोन आला. चार्जिंग संपलं होतं, आण्णा चहा मागत होते. मी खूप रडले. गुरुजींचा फ्लेक्स पुन्हा केला, चारदा तपासून. पण तो पहिला मला काही सुचू देईना. जिवंत बापाला मी माझ्या हाताने हार घातला होता. दुसऱ्या दिवशी कर्जतला जाऊन तो घेऊन आले. टाकून द्यावा तर आमच्याकडे फ्लेक्स कुणी वाया जाऊ देत नाही, कांद्यावर नाहीतर गोठ्यावर झाकायला तो कामी येतोच. कापावा तर कात्री चेहऱ्यावरून न्यावी लागली असती. शेवटी घडी घालून लोखंडी कपाटामागे सारला.

हे सगळं दुकानदाराला कसं सांगणार? मी नुसती काचेवर बोट फिरवत होते. तेवढ्यात आण्णा बोलले.

"बत्तीसवाला द्या तिला. दोन फायली एकदम उघडाया लागत्यात. एक जित्या मान्सांची, एक गेलेल्यांची."

माझं काचेवरचं बोट थांबलं. दुकानदार खोका आणायला आत गेला.

"बगितलाय म्या तो फ्लेक्स," आण्णा म्हणाले. "गाडी उन्हात तापती म्हनून झाकाया काय घावतंय का हुडकत हुतो."

"भ्यालात?"

"लई भ्यालो. चष्मा न्हवता. वरची मोठी अक्षरं तेवढी वाचली आन माझा फोटो. म्हनलं, डागदरनं हिला काय तरी सांगितलंय, आन पोरीनं आदीच करून ठिवलाय." त्यांनी मांडीवरची फाईल सारखी केली. "आठ दिवस तसाच हुतो. मग एकदा चष्मा लावून परत काडला, तवा गुरुजींचं नाव दिसलं."

आठ दिवस. ते कुठले, हे मला लगेच आठवलं. त्या दिवसांत त्यांनी स्कूटरची कागदपत्रं कुठे ठेवलीत ते मला दोनदा सांगितलं होतं आणि मी वैतागून "माहितीये हो" म्हणाले होते. गोळ्या वेळेवर घ्यायचे, काही विचारायचे नाहीत. मी समजत होते, माणूस सुधारला.

"मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"तू व्हय म्हनली आसती तर?"

बत्तीस जीबीवाला घेतला. घरी आल्यावर दोन फाईली केल्या आणि सगळ्यात आधी आण्णांचा फोटो पहिल्या फाईलमध्ये टाकला. आता लॅपटॉप अडत नाही, दोन्ही एकदम उघडतात. तरी दुसरीत काम सुरू करण्याआधी मी रोज पहिलीत जाऊन डावीकडून तिसरा चेहरा बघून येते. आणि बाहेर आण्णा खोकले की आणखी एकदा.