नाडकचेरीपुढचं टेबल

गेल्या जूनमधला दुसरा रविवार, सकाळचे सव्वादहा. अर्धा किलो कुंदा, डब्यावरच्या चिठ्ठीप्रमाणे दोनशे चाळीस रुपये. हजर माणसं पाच : मी, माझी बायको, माझी मुलगी, शेजारच्या घरातला माझा चुलतभाऊ आणि त्याची मुलगी. पुतणीला तलाठ्याची सरकारी नोकरी लागली होती, म्हणून कुंदा. मी एक घास घेतला, छान झालं म्हणालो आणि डबा झाकता झाकता किंमत वाचली. खरंच आनंद झाला असता तर किंमत वाचली नसती.

बेळगावजवळच्या येळ्ळूरमध्ये आमची दोन घरं एका भिंतीला लागून आहेत. माझी मुलगी पुतणीपेक्षा चार महिन्यांनी मोठी. दहावीला माझ्या मुलीला एकोणनव्वद टक्के, तिला एक्क्याऐंशी. बारावीला शहाऐंशी आणि एकोणऐंशी. हे आकडे मला कुठं बघावे लागत नाहीत, पाठ आहेत. दोघी एकाच बसने बेळगावच्या एकाच कॉलेजात गेल्या आणि पदवीनंतर एकाच भरतीच्या परीक्षेला बसल्या. सामान्य ज्ञानात माझ्या मुलीला एकोणीस मार्क जास्त होते. पण सक्तीच्या कन्नड पेपरात ती अकरा मार्कांनी नापास झाली, आणि तो पेपर गेला की बाकीचे मार्क कुणी बघत नाही.

मी मच्छेच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. सव्वीस वर्षं झाली. नट-बोल्ट कमी भरला तर कुठं गेला ते शोधल्याशिवाय मी घरी येत नाही. इथेही शोधायला लागलो. आधी म्हणालो, पुतणीचं नशीब. मग वाटलं, भावाची कुणाशी तरी ओळख असणार; चहाच्या टपरीवर दोघांना आडून विचारूनही बघितलं, काही निघालं नाही. मग कागदपत्रांच्या तपासणीत काहीतरी अडेल असं आठवडाभर वाटत राहिलं. वाटत राहिलं म्हणजे, अडावं असं मला हवं होतं. ते अडलं नाही. ती खानापूरकडच्या एका गावात रुजू झाली. सकाळी सात चाळीसला तिच्या चपलांचा आवाज भिंतीपलीकडून यायचा आणि माझा चहा गार व्हायचा.

हरवलेलं शेवटी बायकोनं शोधून दिलं. माझ्या फायलींच्या कपाटातूनच तिनं एक कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला. कॉलेजच्या सेवा योजनेचा तो फॉर्म होता, चार वर्षांपूर्वीचा. दोन वर्षांत दोनशे चाळीस तास समाजसेवा करायची, आणि ती कुठं करायची ते पालकांच्या सहीनं ठरवायचं. पर्याय दोन होते. एक, गावातल्या मराठी वाचनालयात पुस्तकांची यादी करणं. दुसरा, शनिवारी नाडकचेरीपुढं, म्हणजे महसूल खात्याच्या इथल्या कचेरीपुढं, टेबल टाकून लोकांचे पेन्शनचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे, उताऱ्याचे अर्ज भरून देणं. अर्ज अर्थात कन्नडमध्ये.

आमच्या घरात कन्नड बाजाराला चालायचं, बसमध्ये चालायचं. कागदावर चालत नव्हतं. माझे वडील सीमाप्रश्नाच्या प्रत्येक मोर्चात पुढं असायचे. कन्नडमधली नोटीस आली तर न वाचता परत करायचे. शाळेत कन्नडचा विषय होता, तेवढ्यापुरता मुलीनं केला. हा फॉर्म आला तेव्हा ती मला म्हणाली होती की तिला टेबलावर बसायचंय. मी म्हणालो, आपल्या घरातली पोरगी गावाच्या देखत कन्नड अर्ज लिहीत बसणार नाही. वाचनालयापुढं बरोबरची खूण केली आणि सही केली. माझा चुलतभाऊही त्याच घराण्यातला. त्यानं दुसऱ्या रकान्यात सही केली. दोन वर्षं मी त्याला त्यावरून टोमणे मारले. वाचनालयाची यादी मात्र उत्तम झाली, अजून भिंतीवर आहे.

बायको म्हणाली, "सगळ्या गावाचा हिशेब घालून झाला. ह्या सहीचा तेवढा ऱ्हायलाय."

मी तो कागद परत फायलीत लावला.

दुसऱ्या भरतीची जाहिरात लागली तेव्हा मुलगी म्हणाली की ती परत बसणार नाही. माझ्याच कारखान्याच्या ऑफिसात जागा होती, पॅकिंगच्या नोंदी करायची. तिथं ती गेली असती तर परत परीक्षेकडं आली नसती, हे मला सव्वीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. बेळगावात कन्नडच्या दोन शिकवण्यांत ती जाऊन आली होती. वाचायला येत होतं. अर्ज, पत्र, तक्रार स्वतःच्या मनानं लिहायला बसली की हात थांबायचा. ते शिकवू शकेल असं माणूस भिंतीपलीकडं होतं.

मी तीन रविवार घालवले. चौथ्या रविवारी गेलो. भाऊ भुईमूग निवडत बसला होता. पुतणी कपडे वाळत घालत होती. हवापाणी, मोटरची दुरुस्ती, सगळं बोलून झालं. मग मी पुतणीला विचारलं, आक्काला, म्हणजे माझ्या मुलीला, कन्नड शिकवशील काय, आणि फी किती घेशील.

भाऊ हसला. "बघ गं, मोठे आप्पा कन्नडची फी ठरवाय आल्यात. आता नोटीस बी वाचून घेतील."

ते मला लागलं. लागावं म्हणूनच तो बोलला होता, आणि दोन वर्षांच्या टोमण्यांनंतर तेवढा त्याचा हक्क होता.

पुतणी हसली नाही. चिमटा लावला आणि म्हणाली, "फी नको, आप्पा. मला ड्युटी लागल्यापासनं शनिवारी टेबल रिकामं ऱ्हातंय. आक्काला बसू दे. मी बी तितंच शिकलो, पुस्तकात न्हाय. तिनं लिवलेलं मी रविवारी तपासतो."

आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, करतो, तपासतो. एवढं साधं ती बोलली, आणि मला तिचा पुन्हा हेवा वाटला. मी असतो तर मागितली असती फी.

दुसरा आणि चौथा शनिवार कचेरी बंद, म्हणून महिन्यातले दोनच, क्वचित तीन. दहा ते दोन, चार तास. पहिल्या शनिवारी मी मुलीला गाडीवरून सोडलं आणि वडाच्या आडोशाला थांबलो. एक म्हातारी आली, विधवा पेन्शनचा कागद घेऊन. मुलीकडं बघून म्हणाली, "ती पयली पोरगी कुटं हाय? तिचा अर्ज माघारी येत न्हवता." मुलीनं तिला बसवलं, विचारून विचारून लिहिलं, दोन ठिकाणी खोडलं. पाऊण तास लागला. तो अर्ज माघारी आला. पुढच्या खेपेला तिनं तो नव्यानं लिहिला, मग आला नाही.

डिसेंबरच्या परीक्षेत ती कन्नड पेपर पास होण्यापुरत्या मार्कांपेक्षा सोळा जास्त घेऊन पास झाली. निवडयादी अजून लागायची आहे. यादीत नाव येईल की नाही ते मी सांगत नाही, मला माहीत नाही. पुतणीच्या चपला अजून सात चाळीसलाच वाजतात आणि अजून मला त्या ऐकू येतात.

शिकवणीची फी म्हणून पुतणीला शून्य रुपये दिले. तिनं सांगितलेले तास मात्र मुलीनं दिले : बारा शनिवारांचे अठ्ठेचाळीस, नाडकचेरीपुढच्या बाकावर बसलेल्या माणसांना. त्यातला पाऊण तास माझा. माझ्या वडिलांच्या नावावरच्या जमिनीचा उतारा माझ्या नावावर करून घ्यायचा होता, आणि मला कन्नड लिहिता येत नाही.