आक्काच्या हाती लागलेला वसंत

बेळगावच्या कॅम्पात आमची रिक्षा शिरली ती चैत्रातली सकाळ. फुलं अशी कोसळत होती की रिक्षावाल्यानं वायपर चालू केला. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा. किंवा नकोच. तिचं माहेर बेळगाव, माझं गाव निपाणी, आणि पुण्याची नोकरी संपल्यावर घर कुठं बांधायचं यावर आमच्यात वर्षभर तहाची बोलणी चाललेली. शेवटी ठरलं, ज्या गावचा वसंत देखणा, तिथं घर.

कॅम्पात बोगनवेल एवढी माजलेली की एका बंगल्याचा मालक स्वतःचंच फाटक शोधत फिरत होता. नीलमोहोराखाली बसलेली म्हैस जांभळी झालेली मी या डोळ्यांनी पाहिली.

रिक्षावाल्यानं वळून विचारलं, "हू नोडायला (फुलं बघायला) आलाय व्हय, आण्णा?"

बायकोनंच परस्पर हो म्हणून टाकलं आणि मला सांत्वनाचा कुंदा (इथली खव्याची मिठाई) भरवला.

मी डगमगलो नाही. निपाणीत माझी थोरली बहीण, आक्का, राहते. तिच्या परड्यात (घरामागच्या जागेत) मी संक्रांतीलाच गुलाब, झेंडू, सूर्यफुलं लावून आलो होतो. निपाणीच्या गाडीत त्या बागेचं असं वर्णन केलं, की संकेश्वरला उतरणाऱ्या दोघांनी निपाणीपर्यंत तिकीट वाढवून घेतलं.

परड्यात पाऊल टाकलं. सूर्यफुलाची पानं सुपाएवढी, झेंडूच्या सावलीत शेळी झोपलेली. फूल मात्र औषधालाही नाही.

आक्काचा जन्म तंबाखूच्या रानात गेला. तिथं फुलोरा दिसला की शेंडा खुडायचा, म्हणजे पान जाड होतं. तिचा हात आता तिचंही ऐकत नाही.

"फुलं कुठं गेली गं, आक्का?"

"खुडली की. सगळा रस फुलानं वडल्यावर पानाला काय ऱ्हातंय रं?" म्हणत तिनं गुलाबाची उरलेली कळीही उडवली.

बायको हसली नाही. लक्षण वाईट होतं. पुण्याच्या गाडीत बसल्यावर, आक्का खाली उभी असताना, ती माझ्या कानाशी म्हणाली, "घर बेळगावातच. हितं माझं डोकं जरा वर निघालं, की आक्का खुडतील."

माझ्या मते दोन्ही गावं सारखीच सुंदर. निपाणीचं सौंदर्य पानात उतरलंय, एवढंच. हे मत मी घरात अजून मांडलेलं नाही.

गाडी हलली. आक्काची नजर हिच्या अबोलीच्या गजऱ्यावर गेली, हात वर आला. मी खिडकीची काच ओढून घेतली.