चार हात लांब

आमच्या पेडगावात भुतांना भिणारी माणसं पुष्कळ होती, पण भुतांनीच जिला भ्यावं अशी बाई एकच, आमच्या शेताची शेजारीण. नवरा होता तोवर ती त्याला अरे-तुरे करायची आणि मांजरांना अहो-जाहो. "या, बसा. दमलात का?" असं घरातून ऐकू आलं की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटे, पाहुणे आलेत. पाहुणे म्हणजे चार मांजरं. तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून तिनं सुतक, विटाळ, नवस सगळं सोडलेलं. नवरा गेला तर तिसऱ्या दिवशी कापूस वेचायला हजर.

त्याच बाईनं मांजरीचं सुतक धरलं म्हणून गाव हसलं. दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी तिची काळी मांजर दोन दिवस ओकली आणि तिच्या मांडीवरच मेली. परभणीचा जनावरांचा डॉक्टर म्हणाला, हा रोग हाताला, लुगड्याला चिकटून जातो, घरात वर्षभर राहतो. उरलेली तीन जपा. बाईनं ते धरूनच ठेवलं. मांजर चुना टाकून खोल पुरली, तिचं पोतं जाळलं, अंगावरचं लुगडं जाळलं, घराला कुलूप घातलं. तिघांना टोपलीत घालून शेतातल्या गुरांच्या कोठ्यात मी नेलं, ओरबाडे माझ्या हातावर, आणि ती लांबून मलाच रागावतेय, "हळू आक्का, त्यांना लागंल!" स्वतः बाभळीखाली झोपडी घालून राहिली. मांजरं जवळ आली की काठी आपटायची. "मला शिवू नका, म्हनलं ना तुमाला!" दूधही वाडग्यात उंचावरून ओतायची आणि चार हात मागे सरकायची.

मी कधी भाकरी घेऊन जायची. भर दुपारी वारा पडलेला असे. तिघं ओळीत बसून तिच्याकडे बघत, पापणी हलत नसे. मधेच तिघांच्या माना एकदम वळत, जणू तिच्या पायाजवळून कुणी चाललंय.

"काय बघायलीत गं ही?"

"चौथीला." भाकरी मोडत ती म्हणाली. "तिला बी म्हनलं, बाई, तुमी लांबच बसा."

मी पाय पोटाशी ओढून घेतले. तिनं मात्र ठेचा मागून घेतला.

वर्ष भरलं. तिन्ही जगली. तिनं कढत पाण्यानं अंघोळ केली, कोरं लुगडं नेसली आणि दोन्ही हात पुढे केले. "या, आता शिवा." तिघं चालत आली आणि चार हातांवर बसली. पुढे आलीच नाहीत. त्या दिवसापासून ती जाईल तिथं तिघं मागे, ओळीनं, तेवढ्याच अंतरावर.

"तुला भ्यायलीत का?"

"भीत न्हाईत. शिकलीत. जगली न्हवं? मंग."

माझ्या सासूनं या बाईच्या ओंजळीत उंचावरून पाणी ओतलेलं मी पाहिलंय. मीही तेव्हा काही बोलले नव्हते. सासू गेल्यावर मी तिला चहाला आत बोलावलं, तर ती उंबऱ्याबाहेरच बसली. माज आहे, असं मी धरून चालले होते. मांजरांकडे बघून तो राग उतरला. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी आत ये म्हटलं नाही. दोन कपबशा घेऊन पायरीवर तिच्या शेजारी बसले. समोर चार हातांवर तिघं बसलेली.

"सरका थोडं, आक्का," ती म्हणाली. "चौथीला बसू द्या."

मी सरकले. आता ती बाई नाही, मांजरं तर कधीच गेली. पायरीवर बसताना मी अजून थोडी जागा सोडते.