मागचा गडी

आमच्या गावच्या दूध सोसायटीला कुलूप लागलं आणि तिच्या खोलीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आलं. यात माझा पराक्रम काही नाही. २०१८ साली पावसानं पाठ फिरवली, जनावरं छावणीत गेली, दुधाचे कॅन उपडे झाले आणि अध्यक्षांनी खोली मला भाड्यानं दिली. भिंतीवर ‘सहकारातून समृद्धी’ असं अजून लिहिलेलं आहे. त्याच्याखाली बसून मी फुटलेल्या काचा बदलतो. शिरूर कासार तालुक्यात, दुष्काळात, धंदा तो असा किती चालणार? टँकरची वाट बघताना बायका फोन चार्जिंगला लावून जायच्या, तेवढीच वर्दळ. बाकी वेळ मी मोबाईलवर खेळत बसायचो.

जालिंदर तिथं रोज यायचा आणि एका उपड्या कॅनवर बसून राहायचा. पस्तिशीचा, अंगानं काटक, ऊसतोडीला जाणारा माणूस. मागच्या हंगामात त्याची बायको भिमाबाई उसाच्या फडातच गेली होती. मूलबाळ नव्हतं. तो रडला नाही, बोलला नाही, नुसता बसायचा. मला ते सोसायचं नाही. रडणाऱ्या माणसाला काही तरी बोलता येतं, गप्प माणसाला काय बोलणार? म्हणून एक दिवस मी त्याच्या हातात एक जुना फोन दिला आणि खेळ लावून दिला.

या खेळात देशोदेशीची माणसं एकाच वेळी उतरतात. आधी आपला गडी निवडायचा आणि मग शेवटपर्यंत त्यालाच घेऊन जंगलं, गुहा, राक्षस पार करायचे. मी या कामात जुना. म्हणून सल्ला दिला.

“ढालवाला घे. नव्या माणसाला ह्योच बरा. अंगावर चिलखत, लवकर मरत न्हाई, चुकला तरी निभतं. एकटा हिंडला तरी चालतंय. न्हाईतर तिरंदाज घे, लांबूनच मारायचं. मांत्रिकाच्या नादी लागू नको, बटनं ध्यानात ठिवता ठिवता मरशील. आन वैद्याकडं तर बघूच नको.”

“कावून?”

“त्याला मारताच येत न्हाई बे! दुसऱ्याच्या मागं चालायचं, त्याच्या डोक्यावरची जिवाची हिरवी पट्टी बघायची. पट्टी कमी झाली की औषध द्यायचं. एकटा घावला तर कोल्हं बी खातंय त्याला.”

जालिंदर जरा पुढं सरकला. “मंजी पुढचा सारखा दिसत ऱ्हातो?”

“दिसत ऱ्हातो. दुसरं काय दिसणार?”

“मग त्योच दे.”

माझं डोकं फिरलं. एवढं समजावलं ते पालथ्या घड्यावर पाणी. पाणी तरी कुठलं, आमच्या गावात घडाच तेवढा पालथा. पण तो हटून बसला. मग व्हायचं तेच झालं. कित्येक दिवस त्याला पहिल्याच जंगलातल्या कोल्ह्यांनी फाडून खाल्लं. मी हसायचो. तो मुकाट्यानं पुन्हा उठायचा आणि कुणी बरोबर नेतंय का बघत खेळातल्या गावाच्या वेशीत उभा राहायचा.

शेवटी एका परक्या ढालवाल्यानं त्याला आणि मला बरोबर घेतलं. आणि हा गडी वैद्य म्हणून असा निघाला की मी बघत राहिलो. खजिना दिसला की मी सगळं विसरून तिकडं धावतो. जालिंदरची नजर पुढच्याच्या पट्टीवरून हलायची नाही. एका दुपारी मी विचारलं, “एवढं काय बघतो बे त्या पट्टीत?”

त्यानं फोन खाली ठेवला.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा पुढं तोडत जातो, बायको मागं मोळ्या बांधत येते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. जालिंदर त्यातलंच सांगत होता.

“मी सरीला लागलो की मागं बघत नव्हतो, आसारामभाऊ. हाताचा वेग मोडतो. मागं वाळला पाला वाजला की समजायचं, भिमी हाय. त्या दिशी बी वाजत हुता. पर वाऱ्यानं वाजत हुता. सकाळपासनं तिच्या अंगात ताप हुता, बोलली न्हाई. मी समदी सरी काढली आन मग वळलो.”

त्यानंतर मी त्याला खेळात कधी हसलो नाही.

दसरा झाला आणि मुकादम धुळाजी टोळी जमवायला आला. गावात राहून करायचं काय? काम नाही, पाणी नाही. जालिंदर त्याच्याकडं गेला तर त्यानं हात झटकले. “अर्धा कोयता घिऊन मी काय करू? लगीन कर.” चार दिवसांनी स्थळही घेऊन आला. आमच्याकडं काही लग्नं कुंडलीवर जुळत नाहीत, कोयत्यावर जुळतात. मुलगी सोळा वर्षांची. जालिंदरचा थोरला भाऊ शहादेव तर अक्षताच घेऊन बसला होता म्हणा ना. सगळी बोलणी माझ्या दुकानापुढं.

“ती लेकरू हाय,” जालिंदर म्हणाला.

“हुईल की मोठी,” शहादेव म्हणाला. “न्हाईतर इथं धुरळा खात बस.”

जालिंदर उठला आणि सरळ पलीकडच्या आळीत मालनबाईच्या दारात गेला. मालनबाई चाळिशीची विधवा. दरसाल भावाबरोबर जोडी लावायची, यंदा भावाचं लग्न झालं आणि हिचाही अर्धा कोयता उरला. हातात मात्र अशी ताकद की गडी मागं पडावेत. जालिंदर सगळ्यांसमोर म्हणाला, “मालनअक्का, तुमी पुढं तोडा. मी मागं मोळ्या बांधतो.”

आळी हसायला लागली. धुळाजीचा तर संताप झाला. “बाई कोयता चालवणार आन गडी मोळ्या बांधणार? मी फडात तोंड कसं दाखवू?” पण त्याला टोळीत एक कोयता कमी पडत होता आणि ट्रक दारात उभा होता. घेतलं त्यानं दोघांना.

ट्रकमध्ये चढताना मालनबाई पुढं, कापडात गुंडाळलेला कोयता घेऊन. जालिंदर मागं. मीही एक टोमणा मारलाच, “झालास का बे खरा वैद्य!” धूळ उडवत ट्रक गेला आणि गाव रिकामं झालं. खेळात तो ढालवाला मला विचारत राहिला, तुमचा वैद्य कुठं गेला? मी लिहिलं, ऊस तोडायला. त्याला काय कळणार?

फाल्गुनात, एका संध्याकाळी जालिंदरचा फोन आला.

“आज खाडा झाला आसारामभाऊ. मुकादम लई बोलला.”

“कावून?”

“अक्काचा कोयता हळू पडाया लागला. पाय वाकडं पडत हुतं. मला मागनं दिसलं. कोयता काढून घेतला, सावलीत निजवलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हनले, ऊन लागलंय, येळंवर आनलं.”

“मग चांगलं झालं की बे! बाई वाचली.”

“वाचली. उद्या बसंल उठून.”

मला वाटलं आता फोन ठेवेल. पण तो धरूनच होता. त्याच्या बाजूला कुठं तरी वाळला पाला वाजत होता.

“मागनं समदं दिसतं, आसारामभाऊ,” तो म्हणाला. “कोयता कुठं अडतो, पाय कुठं पडतो, समदं. भिमीच्या मागं मी एक डाव तरी चालाया पायजे हुतं.”

आणि वर्षभर गप्प असलेला तो माणूस फोनवर मोठ्यानं रडायला लागला. रडणाऱ्याला काही तरी बोलता येतं, असं मी समजत होतो. मला एक शब्द सुचला नाही.